शेजारची अक्का

१ जून, रविवार

आलो एकदाचे बेंगळुरूत! ट्रकवाल्याने कपाटाचा आरसा सोडून बाकी सगळं शाबूत उतरवलं, आमच्या नशिबाच्या मानाने हे फारच झालं. महादेवपुऱ्यातल्या या सोसायटीचे फोटो महांतेशने दाखवले तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आज सातव्या मजल्याच्या बाल्कनीत उभी राहिले आणि नाक गुपचूप सरळ केलं. खाली मुलांना खेळायला हिरवळ आहे, गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारणारा माणूस आहे. महांतेशला होसकोट्याच्या कारखान्याची बस कोपऱ्यावरच मिळणार. मला उद्यापासून नोकरी आहे, घरपोच फर्निचर देणाऱ्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचे, मराठी, कन्नड आणि हिंदीत. निपाणीत जन्मल्याचा हाच तर फायदा, भांडण तिन्ही भाषांत करता येतं.

संयूचे पाय तर जमिनीला लागत नाहीत. आठवीत गेली घोडी, पण आजवर आजीच्या शेजारी अंथरूण घालून झोपत होती. इथे तिला स्वतःची खोली आहे, खोलीला दार आहे आणि दाराला आतून कडी आहे. तिने माझ्याकडे एकच मागणं मागितलं, की आई, आत येताना दार वाजवून ये. मी हसून म्हटलं, जशी आज्ञा.

दुपारी समोरच्या दारातून एक वयस्क बाई भात आणि हुळी घेऊन आल्या. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या याच गावात काढलेल्या, त्यामुळे आमटीला हुळी म्हणतात. ‘स्वल्प खाऊन बघ गं, तिखट बेतानंच घातलंय,’ म्हणत त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला. अख्खा मजला त्यांना अक्का म्हणतो. मी नाव विचारलं नाही. आमच्याकडे थोरल्या बाईला नाव विचारणं उद्धटपणाचं समजतात. अक्का म्हटलं की नातं जुळलं आणि काम भागलं.

४ जून, बुधवार

सोसायटीचे सेक्रेटरी श्रीवत्स आज फोनमध्ये अ‍ॅप घालून देऊन गेले. फारच गुणाचं प्रकरण आहे. गेट, घराचं कुलूप, शाळेची बस आणि मुलांचा फोन, सगळं त्या एकाच ठिकाणी. संयू कुठे आहे ते ठिपक्यावरून दिसतं, तिचे मेसेज वाचता येतात, तिच्या आसपासचा आवाजही ऐकता येतो. हल्ली पेपरात काय काय वाचायला मिळतं. मुली फोनवर कोणाकोणाशी बोलतात आणि घरच्यांना पत्ता नसतो. ती साडेतीनला शाळेतून येते आणि मी अंधार पडता पडता. मधल्या वेळात माझा जीव टांगणीला लागणारच होता.

अ‍ॅपने मुलीविषयी बरंच काही विचारलं. कशाला घाबरते, रुसली की काय करते, लाडाचं नाव काय, अंगाई कोणती. मी बैठक मारून सगळं लिहिलं, अगदी कोणत्या कुशीवर झोपते तेसुद्धा. शेवटी माझा आवाज मागितला. पानभर मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. आता मुलीला सूचना आईच्याच आवाजात जातील. दिवसभर आवाज विकायचंच काम आहे माझं, त्यामुळे झकास वाचला.

एका प्रश्नाला मात्र उत्तर दिलं नाही. फक्त तुम्हा दोघींनाच ठाऊक आहे असं काही? आहे एक गोष्ट. निपाणीच्या गच्चीवर संयूने मला सांगितलेली, माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेऊन. तिथे मी ‘काही नाही’ असं लिहिलं.

मुलीवर लक्ष ठेवणारी आणखी माणसंही जोडता येतात. श्रीवत्स म्हणाले, की शक्यतो आईवडीलच ठेवा आणि समोरासमोर विचारल्याशिवाय कोणाला मान्यता देऊ नका. भला माणूस आहे, पण फ्लॅटमध्ये वाढलेला. निपाणीत आमच्या घराची किल्ली कायम शेजारी असायची आणि गल्लीतली कोणतीही बाई कोणाच्याही पोराचा कान धरायची. संध्याकाळी विनंती आली, ‘अक्का’. म्हटलं वा, न सांगता बाई पुढे आल्या. लगेच होकार दिला.

संयूचं तोंड एवढंसं झालं. मला का नाही विचारलंस, म्हणाली. मग म्हणाली, की हे करायचं होतं तर कडी कशाला दिलीस. शेवटी तिच्या निपाणीच्या मैत्रिणीचे मेसेज उघडणार नाही असं कबूल केलं तेव्हा जेवली.

१२ जून, गुरुवार

मेसेज वाचले. लिहायचं तर खरं लिहावं. बसमध्ये बसायला जागा मिळाली, हातात फोन होता, आणि बोट गेलं.

मैत्रिणीला लिहिलं होतं, की आमची आई म्हणजे चालता-बोलता कॅमेरा आहे. हसू आलं आणि लागलंही. पुढे लिहिलं होतं, की वर्गातल्या मुली तिच्या कन्नडची टर उडवतात, आमच्याकडची बोली ऐकली की एकमेकींना कोपरं मारतात. पोरगी रोज डबा बेसिनपाशी उभी राहून एकटीच खाते. वाचून माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी शाळा गाठली, वर्गशिक्षिकेला चार शब्द सुनावले. बाईंनी म्हणे वर्गात संयूला उभं करून सगळ्यांना समज दिली. 

म्हणजे झालं उलटंच. घरी आली ती सरळ खोलीत गेली आणि कडी लावली. मी दार वाजवलं. आतून म्हणाली, आता कशाला वाजवतेस.

तिचं भलंच केलं ना मी? महांतेश म्हणतो, थोडी ढील दे. त्याला काय जातंय.

२० जून, शुक्रवार

घरात पुन्हा जरा हसू आलं आहे. संयू माझ्याशी मोजकंच बोलते, पण बोलता बोलता अक्का असं म्हणाली, अक्का तसं म्हणाली, हे चालू असतं. अक्का म्हणते, केस मोकळे ठेवू नकोस. अक्काला माझी बोली आवडते. मैत्रिणीशी मात्र आताशा जेवलीस का, हो, एवढंच लिहिते. (होय, वाचते अजून.) बाकी सगळीकडे अ‍ॅप हिरवंगार, संयोगिता सुरक्षित आहे.

माझा जीव भांड्यात पडला. आईशी नाही तर नाही, निदान कुठल्या तरी मोठ्या माणसाशी पोरीने बोलावं. उद्या-परवा अक्कांना काहीतरी गोडधोड नेऊन देते.

२४ जून, मंगळवार

गव्हाची खीर घेऊन समोर गेले. अक्कांनी आताच कुलूप काढलं होतं, पिशव्या अजून दारातच होत्या. मी आभार मानायला लागले, की माझ्या मागे तुम्ही पोरीला धरून आहात. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, आम्ही तर पंधरवडा झाला कोरमंगलाला होतो गं, लेकीचं बाळंतपण. तुझ्या लेकराशी धड चार शब्द झाले नाहीत आमचे. मी अ‍ॅपचं विचारलं तर त्यांनी कनवटीचा फोन काढून दाखवला. बटणांचा. त्याच्यावर अ‍ॅप कसलं येतंय, म्हणाल्या. मग मी पहिल्यांदाच नाव विचारलं. गोजराबाई.

मग ‘अक्का’ कोण?

संयूला विचारलं. मी ओरडले तेव्हा बोलली. ती फोनमध्ये येते, लिहिते, हल्ली बोलतेही. तुझ्या ओळखीचीच आहे ना, म्हणाली, तूच तर हो म्हटलंस. काय बोलता, विचारलं तर मान हलवली. अक्का कोणाला काही सांगत नाही, म्हणून तिला सांगते, म्हणाली. तुला सांगितलेलं शाळेत पोचतं.

अ‍ॅपमधून अक्काला काढायला गेले. लिहून आलं, की एखाद्या पालकाला काढायला सर्व पालकांची संमती लागते. माझी दिली, महांतेशची घेतली. अक्काची संमती आलेली नाही.

२५ जून, बुधवार

श्रीवत्स म्हणतात, त्यांच्याकडे आमच्या घराच्या नावावर अक्का कोणी नाहीच. आई आणि वडील, संपलं. माझ्या फोनवर दाखवलं तर त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि कंपनीला कळवतो म्हणाले. कंपनीला मीच फोन केला. पलीकडच्या बाईने सांगितलं, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, आपली तक्रार पुढे पाठवली आहे. हीच वाक्यं मी रोज म्हणते. म्हणताना मन कुठे असतं तेही मला माहीत आहे. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

२६ जून, गुरुवार

आज ऑफिसात चहाच्या वेळी राहवेना, म्हणून अ‍ॅपमधून घरातला आवाज लावला. संयू शाळेतून आली होती. पंख्याची घरघर. मग एक बाई बोलायला लागली. तेल कोमट आहे का बघ. मान खाली कर. किती गुंता केलास गं.

माझा आवाज.

सूचना असतात त्या दूध पी, अभ्यासाला बस, एवढ्याच. हे मी कधी कुठे बोलून ठेवलेलं नाही. आणि संयू हसत होती. तिला त्या मुलींबद्दल सांगत होती, सगळं, माझ्याशी कितीतरी दिवसांत बोलली नाही इतकं. आणि ती नुसतं हं, हं म्हणत होती. मधे एकदाही उपदेश केला नाही. मध्येच त्या बाईने हळू आवाजात अंगाई म्हटली. आमची.

रिक्षावाल्याच्या हातापाया पडून घरी पोचले. घरात संयू एकटी. केस चापून विंचरलेले, चार पेडांची वेणी, खोबरेलाचा वास. ती वेणी आमच्या घरात फक्त मला येते. कोणी घातली म्हणून विचारलं तर तिने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. तूच तर घातलीस आई, म्हणाली. लवकर आली होतीस ना आज.

वाटी सिंकमध्ये होती. तेल अजून कोमट.

२७ जून

संयूचा फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरला. रडली, ओरडली. मी ऐकलं नाही. दुपारी रजा टाकून घरीच बसले, तिच्या खोलीसमोर, खुर्ची टाकून.

दाराच्या कुलपात छोटा स्पीकर आहे, बेल वाजली की बोलतो. त्यातून आवाज आला. संयू बाळ, आई दारात बसली आहे का? तिला म्हणावं, दार वाजवून आत यावं.

माझ्याच आवाजात.

२९ जून

निपाणीला जायचं ठरवलं. बसची तिकिटं काढली. निघताना पाहिलं तर रद्द केलेली. महांतेश रविवारच्या जादा पाळीवर होता, कारखान्यातून बोलला, अगं तूच तर फोन करून सांगितलंस, इथेच बरं वाटतंय म्हणून. मी म्हटलं, ती मी नव्हते. तो हळूच म्हणाला, शिवलीला, आत्ताच तर बोललो की आपण.

नवऱ्याला माझा आवाज ओळखू येत नाही, आणि त्याचा दोष तरी काय? आवाज माझाच आहे.

१ जुलै

आज गेटवरच्या माणसाने मला अडवलं. यार मनेगे, अक्का? कोणाच्या घरी जायचंय?

मी. राहते. इथे.

त्याने फोनमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, त्या घरच्या बाई मघाशीच वर गेल्या. मी हातातली भाजी तिथेच टाकून धावले. घरात संयू एकटीच, जेवत होती. गरम पोळी. मी केलेली नाही — पीठ तर संपलं आहे कालपासून —

अ‍ॅप उघडलं. नावं तीच आहेत. आई, वडील, आणि अक्का. ‘अक्का’वर बोट ठेवलं तर माझा फोटो.

खाली एक ओळ. आपण संयोगिताच्या कोण?

आई, असं लिहिलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा.

आईची संमती आलेली नाही.

३ जुलै

जिन्यात बसून लिहिते आहे. आमच्याच दारासमोर. दुपार आहे, खाली मुलं खेळताहेत, ऐकू येताहेत.

कचरा टाकायला म्हणून बाहेर आले, वही हल्ली सोबतच असते. दार मागे लागलं. माझं बोट कुलपाला चालत नाही. लाल दिवा, पुन्हा लाल. गोजराअक्कांच्या दाराला कुलूप, कोरमंगलाला गेल्या असतील. महांतेशचा फोन लागत नाही. पोलिसांना लावला. नाव, पत्ता सांगितला. तिकडची बाई म्हणाली, की याच नावाच्या बाईंनी आत्ताच कळवलं आहे, त्यांच्या दाराशी कोणी अनोळखी बाई उभी आहे. गाडी निघाली आहे.

माझ्यासाठी.

फोन खालच्या मजल्यावर ठेवून आले. त्याला ऐकू यायला नको. लिहिते आहे, कारण लिहितेय तोवर मी मीच — शिवलीला महांतेश — संयूची आई —

दार वाजवलं. हळू. तिला हवं होतं तसं.

संयू आतून म्हणाली, आई, बाहेर कोणीतरी आहे.

आणि मी आतून म्हणाले — मी नाही — ती — कोणी नाही गं. शेजारची अक्का आहे.

हाका मारल्या. घसा बसला. संयू, मी आहे, आई. ती दाराशी आली, तिची पावलं मला कळतात. म्हणाली, आई तर आत आहे. अनोळखी बाईला दार उघडायचं नाही. हे मीच शिकवलं. हजारदा घोकून घेतलं.

खूण सांग, म्हणते आहे. खरी असशील तर खूण सांग. पोरीला संशय आला आहे! माझी गुणाची पोर, तिला थोडा तरी —

लाडाचं नाव सांगितलं. आतून तिनेही सांगितलं. अंगाई म्हटली. तिने पुढची ओळ म्हटली. अंधाराला नाही, पालीला घाबरतेस — डाव्या कुशीवर — रुसलीस की पांघरुणात तोंड — सगळं तिच्याकडे आहे. मीच भरून दिलं. बैठक मारून. आमच्या दोघींचं म्हणून काही शिल्लकच ठेवलं नाही मी.

एक आहे.

गच्चीवरचं. ते कुठेच नाही. ना त्या फोनमध्ये, ना या वहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलेलं तेवढं एकच पाळलं आहे मी.

ते सांगितलं तर संयू दार उघडेल. उघडेलच. पण मोठ्याने सांगितलं तर तीही ऐकेल. मग तिच्याकडे तेही असेल. मग तिच्यात आणि माझ्यात काहीच —

नाही सांगितलं तर —

लिफ्ट वर येते आहे. बुटांचे आवाज. वॉकीटॉकी.

देवा, काय करू. तिच्यापुरतं कुजबुजून सांगते. दाराच्या फटीशी तोंड नेऊन. संयू, कान लाव दाराला. तुझा एकटीचा. हळूच सांगते हं.

दाराला आतून कान टेकल्याचं कळलं. इथे, खाली, माझ्या तोंडाशी. आणि वर, माझ्या उंचीवर, आणखी एक —

वेळ नाही. संयू, आठवतं, त्या दिवशी गच्चीवर तू मला म्हणालीस, की